पांढऱ्या पार्श्वभूमीवर दागिन्यांचे फोटो: सोनं काळपट येतंय, चांदी गायब होतेय (सोलापूर)

पुतळीमाळ

नमस्कार मंडळी,

आमचं सोलापुरात मधल्या मारुतीच्या परिसरात सराफीचं छोटं दुकान आहे. ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ हे मुख्य काम, शिवाय चांदीचे पैंजण आणि जोडवी. घडणीत आम्ही कुठं कमी पडत नाही. पण पुण्या-मुंबईला गेलेलं इथलं गिऱ्हाईक आता आधी मोबाइलवर फोटो मागतं, आणि गावी आल्यावर दुकानाची पायरी चढायची की नाही हे फोटो बघूनच ठरवतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरोघरी पाहुणे येतात. त्याआधी सगळ्या डागांचे (म्हणजे दागिन्यांचे) पांढऱ्यावर स्वच्छ फोटो काढून ठेवायचे आहेत.

माझ्याकडे बरा मोबाइल आहे, १८-५५ लेन्सचा जुना डीएसएलआर आहे, ट्रायपॉड आहे आणि एक घडीचा लाइटबॉक्सही आहे. आतून सगळा पांढरा, वर एलईडीच्या पट्ट्या, समोर फोटो काढायला गोल भोक.

पांढरा कागद फोटोत करडा दिसतो आणि सोनं काळपट. उजेड वाढवला तर कागद पांढरा होतो, पण सोनं लिंबासारखं फिकट होतं. चांदीच्या पैंजणाच्या कडा तर कागदात विरघळूनच जातात. बोरमाळेच्या प्रत्येक मण्याच्या मधोमध एक काळा ठिपका येतो. पार्श्वभूमी काढून टाकणारं अॅप वापरलं की साखळीच्या कड्यांमधली भोकं बुजतात.

महागड्या स्टुडिओचा खर्च प्रत्येक नव्या डागामागे परवडणार नाही. घरीच नीट जमवायचं आहे. कोणी हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

होटगीरोड

वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीला एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांसाठी हेच हवंय.

उजेडवाला

ताई, तक्रारी बऱ्याच दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. त्या नीट कळल्या की पुढचं सगळं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याची. समोर पांढरा कागद आहे की काळा, हे त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. समोरचं सगळं मिळून सरासरी मध्यम करडं असणार, असं तो धरून चालतो. अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा तो करडा. तुमच्या चौकटीत नव्वद टक्के कागदच आहे. मीटरला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, खाली ओढतो. कागद करडा झाला की त्याच्याबरोबर सोनंही काळवंडतं. डीएसएलआरवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेलं एक्स्पोजर हातानं कमीजास्त करायची सोय) +१ वर ठेवून सुरुवात करा आणि गरज पडेल तसं +२ पर्यंत न्या. मोबाइलवर दागिन्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा.

पण तुम्ही म्हणता तसं, एवढंच केलं तर कागदाबरोबर सोनंही उजळून फिकं पडतं. इथं दुसरी गोष्ट येते. कागदावरचा उजेड आणि दागिन्यावरचा उजेड वेगळा हवा. बॉक्समध्ये दागिना कागदावरच पडलेला असतो आणि दोघांना एकाच दिव्याचा उजेड मिळतो, त्यामुळे एकाला बरोबर केलं की दुसरं बिघडतं. दागिना पार्श्वभूमीपासून उचला. नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे दुधी अॅक्रिलिकचा ३ मिमी जाडीचा तुकडा मिळतो, शिल्लक राहिलेला स्वस्तात देतात. तो दोन स्टुलांवर आडवा ठेवा, खाली जमिनीवर एक दिवा वर तोंड करून ठेवा, आणि दागिना अॅक्रिलिकवर. आता खालचा दिवा पांढरेपणासाठी आणि वरचा उजेड दागिन्यासाठी. दोन्ही वेगवेगळे कमीजास्त करता येतात.

खालचा उजेड दागिन्याच्या उजेडापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, असावा. त्याहून फार वाढवलात तर पांढरा उजेड कडांवरून आत सांडतो आणि बारीक साखळी खाऊन टाकतो. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे हे दाखवणारा आलेख. पार्श्वभूमीचं शिखर उजव्या भिंतीला जेमतेम टेकलं पाहिजे, भिंतीवर चढून बसायला नको.

आता धातूबद्दल. पॉलिश केलेल्या सोन्यावर किंवा चांदीवर आपल्याला जे दिसतं ते बहुतेक आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब असतं. स्टीलच्या गोल डब्यात सगळी खोली दिसते तसंच बोरमाळेच्या मण्यात. चारी बाजू पांढऱ्या असलेल्या बॉक्समध्ये चांदीला दिसायला पांढऱ्याशिवाय काही उरत नाही, म्हणून ती पांढऱ्यात मिसळते. आणि मण्यातला काळा ठिपका म्हणजे तुमच्या बॉक्सचं भोक आणि त्यातून डोकावणारा मोबाइल.

म्हणून आधी ठरवायचं की दागिन्याला काय दिसू द्यायचं. मोठा भाग पांढरा, आणि कडेला अरुंद काळं. काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा आणि चौकटीच्या अगदी बाहेर, डाव्या-उजव्या अंगाला उभ्या करा. कॅमेऱ्यातून बघत एकेक पट्टी आतबाहेर सरकवा. एका जागी आली की पैंजणाच्या कडेला बारीक गडद रेघ उमटते आणि चांदी पांढऱ्यातून सुटून समोर येते. ती जागा सापडली की पट्टी तिथेच चिकटवून टाका.

ठिपक्यासाठी कॅमेरा लांब न्या. ५५ मिमीवर झूम करा, मोबाइल असेल तर २ किंवा ३ पटीची लेन्स वापरा. मोबाइलचं मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) बहुतेक वेळा रुंद लेन्सवर चालतं, त्यासाठी फार जवळ जावं लागतं आणि मोबाइलची सावलीच दागिन्यावर पडते. लांब गेलात की कॅमेऱ्याचं प्रतिबिंब बारीक होतं. तरी उरलं तर पांढऱ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडून लेन्सवर चढवा.

पुतळीमाळ

दादा, पट्टीचं आत्ताच करून बघितलं. काळी कार्डशीट नव्हती, काळी वही उभी केली. पैंजणाची कड खरंच दिसायला लागली!

खिडकीवाली

उजेडवाला, पटलं सगळं, पण घरगुती कामाला खालून दिवा वगैरे लगेच कशाला? मी हाताने केलेले दागिने विकते आणि एकही दिवा लावत नाही. उत्तरेची खिडकी, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, टेबलावर पांढरी कार्डशीट भिंतीकडे गोल वळवून वर चढवलेली, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ येत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा सनबोर्ड, उजेड परत फेकायला. एवढ्यावर उत्तम फोटो येतात. उजेड एका बाजूने येतो त्यामुळे दागिन्याला गोलाई येते. लाइटबॉक्समधले फोटो मला चपटे आणि निर्जीव वाटतात.

कागद थोडा करडा राहतो, तो नंतर फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये (गडद-उजळपणा बदलायची सोय) पांढरा करते.

उजेडवाला

खिडकीचा उजेड सुंदरच असतो, त्याबद्दल वाद नाही. नवीन माणसानं तिथूनच सुरुवात करावी. पण सोलापुरात उत्तरेची खिडकी वर्षभर सारखी राहत नाही. आपण साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहोत. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतही येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यापासून किंचित उत्तरेला असतो. छज्जा असेल तर दुपारचं ऊन अडतं, सकाळ-संध्याकाळचं अडत नाही.

ताईंचं काम डिसेंबर-जानेवारीत आहे. तेव्हा सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, म्हणजे उत्तरेची खिडकी अगदी योग्य. फक्त समोर काय आहे ते बघा. शेजारच्या घराला पोपटी रंग असेल तर त्या भिंतीवरून येणारा उजेडही पोपटी, आणि सोनं हिरवट पडतं.

सिद्धेश्वरतळं

शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मेच्या त्याच दुसऱ्या आठवड्यात येतो. शाळेच्या गच्चीवर पोरांना उभी काठी दाखवायची असेल तर लक्षात ठेवा. धाग्याच्या विषयाला सोडून आहे, पण उजेडवाल्यांनी अक्षांश काढला म्हणून लिहिलं.

खिडकीवाली

समोरच्या भिंतीचं अगदी खरं. कपड्यांचंही तसंच. लाल साडी नेसून तोड्याचा फोटो काढला तर तोड्याच्या गोल अंगावर लाल पट्टा येतो. फोटो काढताना करड्या किंवा काळ्या कपड्यांत उभं राहा.

मागवाला

मी पॉवरलूमवाला, फोटोतलं फार कळत नाही, पण कापडाचं सांगतो. बरेच जण आपल्याकडचा पांढरा टर्किश टॉवेल किंवा चादर अंथरून वर दागिना ठेवतात. टॉवेलाचे फासे जवळून फार मोठे दिसतात आणि कानातल्याच्या तारेत अडकतात. जोडव्याच्या नक्षीत एक तंतू राहिला तरी फोटोत दोरीएवढा दिसतो.

उजेड गाळायला कापड हवं असेल तर धोतराचं पातळ पान चांगलं, पण कोरं. घरात धुतलेल्या पांढऱ्या कापडाला नीळ दिलेली असते, त्यातून गाळलेला उजेड निळसर होतो.

उजेडवाला

मागवाला, लाख मोलाचं सांगितलंत. याला एक जोड देतो. जे कागद आणि कापड "एकदम शुभ्र" म्हणून विकतात, त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. ते उजेडातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. म्हणून खिडकीच्या उजेडात झेरॉक्सचा कागद फोटोत निळसर येतो आणि त्याच्यावर ठेवलेलं सोनं विचित्र दिसतं. घरात असतील ते तीन-चार प्रकारचे कागद शेजारी ठेवून एकच फोटो काढा, फरक लगेच कळेल. दुधी अॅक्रिलिकमध्ये हा त्रास सहसा जाणवत नाही.

जुनापेढीवाला

मुली, तुझी चौकशी वाचून बरं वाटलं. मी या धंद्यात म्हातारा झालो. फोटोचं तंत्र ही मंडळी सांगतीलच, मी डागाबद्दल बोलतो.

फोटोआधी डाग स्वच्छ पाहिजे. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुवायचा, साध्या पाण्यातून काढायचा, मऊ कापडानं टिपून पूर्ण कोरडा करायचा. मोत्यांना आणि लाखेवर केलेल्या पोकळ कामाला पाण्यात बुडवायचं नाही, लाख आहे तिथं नुसतं कोरड्या कापडानं पुसायचं. त्यानंतर बोट लावायचं नाही, चिमट्यानं किंवा सुती हातमोज्यानं धरायचं. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात धूळ किती, ती डाग टेबलावर ठेवल्या ठेवल्या बसते. फोटो काढायच्या आधी प्रत्येक वेळी फुंकणी मार, तोंडानं फुंकू नकोस, थुंकीचे कण बसतात.

आता महत्त्वाचं. सोन्याचा रंग फोटोत खोटा करू नये. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५. उरलेल्यात तांबं जास्त असलं तर रंग लालसर होतो, चांदी जास्त असली तर फिकट हिरवट पिवळा. जाणत्या बाईला हा फरक डोळ्यानं कळतो. फोटोत गर्द पिवळं दाखवलं आणि हातात वेगळं दिलं तर ती भांडणार नाही, पण पुन्हा येणारही नाही. मला फोटोतल्या पांढऱ्या कागदाचं फार अप्रूप नाही. रंग खरा हवा, एवढंच माझं म्हणणं.

पुतळीमाळ

काका, नमस्कार. तुम्ही म्हणता तीच माझी मोठी चिंता आहे. सोन्याचा रंग खरा आणायचा कसा? मोबाइल प्रत्येक फोटोत वेगळा रंग देतो.

उजेडवाला

पेढीवाले काका, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत. पांढरी पार्श्वभूमी हवी ती मुळात याचसाठी. चौकटीत खरं पांढरं काहीतरी असलं की डोळ्याला सोन्याचा रंग पारखायला आधार मिळतो.

ताई, रंग बदलतो तो ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे कॅमेरा उजेडाचा रंग ओळखून फोटोतला रंग आपणहून सुधारतो त्यामुळे. चौकटीत पिवळं जास्त दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो निळं मिसळून पिवळं कापतो. लांबून एका जोडव्याचा फोटो आणि जवळून भरगच्च मोहनमाळेचा फोटो यांत सोन्याचा रंग वेगळा येतो तो म्हणून. ऑटो बंद करा. ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड) घ्या, दागिन्याच्या जागी ठेवून एक फोटो काढा, आणि त्यावरून डीएसएलआरमध्ये कस्टम व्हाइट बॅलन्स बसवा. दिवे आणि कॅमेरा हलवले नाहीत तर सगळ्या डागांना तेच चालतं. मोबाइलमध्ये प्रो मोडला जाऊन केल्विनचा आकडा (उजेड पिवळसर की निळसर हे सांगणारा) हातानं ठरवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. डीएसएलआरवर रॉ फाइल (कॅमेऱ्यानं काही न बदललेली मूळ फाइल) ठेवलीत तर नंतरही सुधारता येतं.

दुसरं, एका वेळी एकच जातीचा उजेड. खिडकी उघडी, वर घरातली ट्यूब चालू, बॉक्सच्या पट्ट्याही चालू, असं असेल तर सोन्याच्या एका बाजूला निळी झाक आणि दुसऱ्या बाजूला पिवळी येते. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण जात नाही. खिडकी वापरायची तर घरातले सगळे दिवे बंद. दिवे वापरायचे तर पडदा ओढा.

तिसरं, दिव्याची जात. आपल्याकडचे घरगुती "कूल डेलाइट" एलईडी ६५०० केल्विनचे असतात आणि त्यांचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) साधारण ८० असतो. सोन्याला कसंबसं चालतं, पण माणकाचा लाल रंग मेलेला दिसतो. दोन दिवे घेताना खोक्यावर सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघा, आणि दोन्ही एकाच प्रकारचे घ्या. पैसे खर्च करायचेच तर इथं करा. बॉक्सवर, स्टँडवर नको.

विडीघरकुल

माझ्या मोबाइलवर एलईडीखाली फोटो काढताना आडव्या काळ्या पट्ट्या येतात. हे कशानं?

उजेडवाला

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्ट्या जातील किंवा फार कमी होतील. ट्रायपॉड आहे तर १/२५ सुद्धा चालतं. मोबाइल प्रो मोडमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) कमीत कमी, आणि टायमर २ सेकंदांचा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

एकासएक

मॅक्रो हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून फोकसबद्दल लिहिते. ताईंच्या लेन्सनं पूर्ण हार छान येईल, पण ठुशीच्या एका गोंड्याचा किंवा नथीचा मोठा फोटो हवा असेल तर जवळ जाता येणार नाही. मॅक्रो लेन्स महाग आहे. त्याऐवजी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, ती लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते, आत काच नसते, किंमत फार कमी.

जवळ गेलं की स्पष्टतेची खोली मिलिमीटरमध्ये मोजायची वेळ येते. नथीचा पुढचा मोती स्पष्ट आणि मागची तार धूसर. लोक मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, f/22 पर्यंत बंद करतात (f चा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). तसं करू नका, छिद्र फार लहान झालं की विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडांशी उजेड पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. f/8 ते f/11 वर राहा, आणि त्याच जागेवरून फोकस थोडा थोडा मागे सरकवत फोटोंची मालिका काढा. पुढच्या मोत्यापासून शेवटच्या तारेपर्यंत प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या फोटोत स्पष्ट आला पाहिजे. नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा एकच फोटो होतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात.

सपाट दागिन्याला याची गरजच नाही. पुतळ्यांची माळ कॅमेऱ्याला समांतर ठेवा, सगळ्या पुतळ्या एकाच अंतरावर येतात. लक्ष्मीहाराचंही तसंच. त्यांच्यावर मात्र उजेड वरून नको, बाजूनं अगदी तिरपा, टेबलाला घासून गेल्यासारखा हवा. वरचा उजेड ठशातली उठावदार आकृती पुसून टाकतो. तिरप्या उजेडात लक्ष्मीच्या हातातलं कमळसुद्धा दिसतं.

पुतळीमाळ

पुतळ्यांचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार! नथ उभी कशी करायची? आडवी ठेवली की तिचा डौलच जातो. आणि मोत्यांचे फोटो पांढऱ्यावर अगदीच फिके.

एकासएक

दागिन्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला मेणाचा मोहरीएवढा गोळा लावा आणि अॅक्रिलिकवर टेकवा. अंगठीही अशीच उभी राहते. फोटो झाल्यावर मेण हातानं निघतं, उरलेलं मऊ कापडानं पुसायचं. फक्त मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हे जमत नाही, मेण मऊ होऊन नथ हळूहळू झुकते. तेव्हा पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यानं वरून टांगा आणि दोरा नंतर पुसून टाका.

मोत्यांना चारी बाजूंनी उजेड देऊ नका. मोती गोल दिसतो तो त्याच्यावर उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतार असतो म्हणून. एकाच बाजूनं मोठा, गाळलेला उजेड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही किंवा काळी पट्टी. पार्श्वभूमीचा दिवा इतर दागिन्यांपेक्षा थोडा कमी ठेवा. मोत्याच्या आसपास पांढरं एक पायरी खाली राहिलं तरी चालेल, कडेचं पांढरं नंतर वर नेता येतं.

खड्यांचं उलटं. हिऱ्याला किंवा अमेरिकन डायमंडला नुसता मऊ उजेड दिला की ते काचेसारखे निस्तेज दिसतात. हिऱ्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकवतो त्याचा आकडा) २.४२ आहे, आत शिरलेला उजेड उलटसुलट होऊन रंगांत फुटतो, पण त्याला बारीक, टोकदार उजेड लागतो. धातूसाठी मऊ उजेड तसाच राहू द्या आणि शिवाय लांबून एक छोटा उघडा दिवा किंवा दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च लावा. टॉर्च हळूहळू फिरवा आणि खडा पेटला की क्लिक करा.

नवीपेठ

इतका खटाटोप कशाला? दागिना कशावरही ठेवून काढा, एआय अॅप दोन सेकंदांत पांढरं करून देतं. माझं कपड्यांचं दुकान आहे, मी सगळं तसंच करतो.

उजेडवाला

कपड्यांना चालतं, कारण कुडत्याच्या आतून पलीकडचं दिसत नाही. दागिन्यात मोकळ्या जागाच जास्त असतात. साखळीच्या कड्या, जाळीकाम, झुमक्याचे लटकन, नथीच्या तारेचा वेढा. अॅपला तिथं काय भरायचं ते कळत नाही, मग ते कडी बुजवतं किंवा अर्धी कापतं. शिवाय दागिना हिरव्या टेबलक्लॉथवर ठेवलेला असेल तर कापड गेलं तरी सोन्यातलं हिरवं प्रतिबिंब तसंच राहतं. आणि जी अॅप दागिना "सुधारून" देतात त्यांच्यापासून लांबच राहा. ती नसलेले मणी आणि नसलेली नक्षी घालतात. गिऱ्हाइकाला दाखवलेला डाग आणि दिलेला डाग एकच असायला हवा.

उजेड बरोबर लावलात तर कापायला फारसं उरतच नाही. गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात लेव्हल्समध्ये जाऊन पांढऱ्याचं टोक किंचित आत ओढा, पार्श्वभूमी २५५ ला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला, पोचते. दागिन्याखालची हलकी सावली मात्र पूर्ण पुसू नका, ती गेली की दागिना हवेत तरंगतो.

जुनापेढीवाला

नसलेले मणी घालतात? हे ऐकून अंगावर काटा आला.

कॅटलॉगवाली

मी ऑनलाइन विक्रीचं काम बघते, थोडी कामाची माहिती. अॅमेझॉनवर टाकायचं असेल तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी म्हणजे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) २५५, २५५, २५५ लागते, आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा. लांब बाजू निदान १००० पिक्सेल असली तर झूम चालतं. मी २००० च्या खाली जात नाही, कारण दागिना घेणारी बाई झूम करतेच. फाइल एसआरजीबीमध्ये (मोबाइल-संगणकावर सर्रास चालणारी रंगपद्धत) सेव्ह करा, नाहीतर काही मोबाइलवर सोनं मळकट दिसतं.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक गोफ चिकट दिसतो. खास गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि फोटोवरून आकार कळत नाही. झूम केलेलं जोडवं कड्याएवढं वाटतं. प्रत्येक डागाबरोबर वजन ग्रॅममध्ये आणि लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि गळ्यात किंवा हातात घातलेला एक वेगळा फोटो द्या.

जुनापेढीवाला

तिच्या बोलण्यात एक भर. हॉलमार्कच्या शिक्क्याचाही एक जवळचा फोटो काढ. १६ जून २०२१ पासून सोन्याचं हॉलमार्किंग सक्तीचं टप्प्याटप्प्यानं लागू होत गेलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (प्रत्येक डागाचा वेगळा ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा डाग विकता येत नाही. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी, तिन्ही वाचता आले पाहिजेत. बीआयएस केअर अॅपवर गिऱ्हाईक तो क्रमांक टाकून स्वतः तपासू शकतं. लांबचं गिऱ्हाईक विश्वास ठेवतं ते यावर.

एकासएक

शिक्क्यासाठी तोच पुतळ्यांचा तिरपा उजेड. लेसरनं कोरलेली अक्षरं वरच्या उजेडात वाचताच येत नाहीत. दिवा हातात धरून फिरवा, एका कोनात ती काळी होऊन उठतात.

पुतळीमाळ

आज दुपारी पाट्यांच्या दुकानातून अॅक्रिलिक आणलं. खाली टेबल लॅम्प, वर खिडकी. पण दोन्हीचा रंग जुळत नाहीये, पार्श्वभूमी पिवळी येते.

उजेडवाला

लॅम्पमध्ये पिवळा बल्ब असणार. तो काढून ६५०० केल्विनचा घाला, खिडकीच्या उजेडाच्या बराच जवळ जाईल. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी उडणारच आहे, त्यामुळे तिथं सीआरआय ८० चालतो. चांगला दिवा दागिन्यासाठी राखून ठेवा. अॅक्रिलिकच्या मधोमध उजेडाचा गोळा दिसत असेल तर लॅम्प आणखी खाली न्या किंवा त्याच्यावर ट्रेसिंग पेपर धरा. कागद बल्बला टेकू देऊ नका.

होटगीरोड

ऑक्सिडाइज्ड चांदीला पण हेच सगळं? बहिणीकडे तेही असतं.

खिडकीवाली

तिला काळ्या पट्ट्या लागत नाहीत, ती मुळातच गडद असते आणि पांढऱ्यावर आपोआप उठते. तिथं उलट पांढरे सनबोर्ड जवळ आणा, म्हणजे नक्षीच्या उंच भागावर चमक येते आणि खोलगट भाग काळा राहतो. आणि एक्स्पोजर वाढवताना जपून, काळा भाग करडा झाला की दागिना जुनाट दिसण्याऐवजी मळका दिसतो.